हेल्मेटचा चोर कोण?

४ मार्च, सोमवार. सकाळी ९.
काल रेसमध्ये तिसऱ्याच लॅपला गाडी टायरांच्या भिंतीत घुसली. मला काहीही झालेलं नाही. डोकं जरा जड आहे, ते झोप न झाल्यामुळे. आजपासून रोजनिशी. माझ्या आजूबाजूला सध्या जे चाललंय त्याची नोंद असलेली बरी. उद्या पुरावा लागला तर हाताशी असेल. नियम एकच: मागची पानं उलटायची नाहीत. ड्रायव्हरने पुढे बघायचं असतं.

डॉक्टर म्हणतात मेंदूला हादरा बसलाय, त्यांनी पास केल्याशिवाय रेस नाही. पुढची रेस १७ तारखेला, रविवारी! हे डॉक्टर आणि ससा (माझा प्रतिस्पर्धी, पॉइंट्समध्ये माझ्या मागे फक्त दोन) एकाच बिल्डिंगमध्ये राहतात. लिफ्टही एकच. मी काही बोलत नाही.

दुपारी ४.
क्लबचा नियम: अपघातातलं हेल्मेट १५ तारखेपर्यंत जमा करायचं. तिथे सगळ्यांदेखत करवतीने त्याचे दोन तुकडे करतात, म्हणजे पुन्हा कोणी घालायला नको. माझं हेल्मेट! सात वर्षांची साथ. बाहेरून ओरखडा एक, तोही जवळून बघितला तर. लपवलं. माळ्यावर, जुन्या टीव्हीच्या खोक्यात, लेकीच्या लहानपणच्या स्वेटरांखाली. ब्रह्मदेवाच्या बापालाही सापडणार नाही. रविवारी तेच घालणार.

५ मार्च, मंगळवार.
बायकोने स्वयंपाकघरातला दिवा बदललाय. डोळ्यांत खुपतो. म्हणाली, अहो, दोन वर्षं तोच आहे. भांडीही मुद्दाम आपटते. दिवसभर पडदे ओढून बसलो. आराम म्हणून नाही, विचार करायला.

मिस्त्री येऊन गेला. अकरा वर्षं माझी गाडी तोच बघतो, सीटवर माझे पट्टे तोच आवळतो. बोलता बोलता त्याने विचारलं, कितव्या लॅपला ठोकली आठवतं का. आठव्या, म्हटलं. तर तो बायकोकडे बघतो, बायको त्याच्याकडे. दोघांचं काहीतरी शिजतंय.

७ मार्च, गुरुवार.
डॉक्टरांकडे टेस्ट. इथे एक गुपित लिहून ठेवतो. सीझनच्या आधी आम्हा सगळ्यांची हीच टेस्ट घेतात. शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा, दिवा लागला की बटण दाबा. कोणी ठोकली की पुन्हा घेतात आणि मार्क ताडून बघतात. म्हणून जुने ड्रायव्हर पहिली टेस्ट मुद्दाम वाईट देतात. मीही दिली. तीसपैकी बारा. बराच अभिनय करावा लागला. आता पास व्हायला बारा पुरे. डाव्या हातचा मळ.

आज जीव तोडून दिली. नऊ आले.

मार्कांत फेरफार आहे. शिवाय डॉक्टरांनी मधेच शब्द बदलले. मी टॉवेल म्हणालो तर म्हणे टॉवेल यादीत नव्हताच. मी या कानांनी ऐकला. संध्याकाळी ससा फळं घेऊन हजर. म्हणाला, लवकर बरा हो, तुझ्याशिवाय मजा नाही. याला एवढा कळवळा कशाला?

९ मार्च, शनिवार. सकाळी १०.३०.
हेल्मेट चोरीला गेलं!! कपाटाच्या वरच्या कप्प्यात नाही. पलंगाखाली नाही. गाडीच्या डिकीत नाही. संशयित तीन: ससा (फळांचं निमित्त), मिस्त्री (घराची सगळी माहिती), बायको.

११.१५.
बायकोची उलटतपासणी. तिचं म्हणणं, तुम्हीच कुठेतरी ठेवलं असेल. चोर हेच म्हणतो. आवाज चढवला. ती म्हणाली, मला सापडलं असतं तर चोरलं कशाला असतं, इथेच करवत घेऊन कापलं असतं. मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. डोळे लाल का झाले, सांगितलं नाही. ही पण नोंद असू दे.

११ मार्च, सोमवार.
मिस्त्रीला तोंडावर चोर म्हटलं. एकदाच म्हटलं, पण जोरात. तो चिडला नाही, हेच संशयास्पद. सांगायला लागला की त्या दिवशी ब्लेडने पट्टा कापून त्याने मला बाहेर काढलं, आणि ॲम्ब्युलन्समध्ये मी त्याला सहा वेळा विचारलं, कोण जिंकलं. मला यातलं काहीच आठवत नाही, म्हणजे घडलेलंच नाही. म्हटलं, परत या घरात पाऊल टाकू नकोस. चहा तसाच ठेवून गेला. वाईट वाटलं. पण नाइलाज होता.

१३ मार्च, बुधवार. सकाळी ११.
क्लबकडे लेखी तक्रार करतोय. हेल्मेट शेवटचं केव्हा पाहिलं, ती तारीख हवी. नियम मोडून मागची पानं उघडतो.

११.४०.
४ तारखेचं पान वाचलं.

माझं अक्षर कोणीतरी हुबेहूब उतरवलंय.

दुपारी १२.३०.
शिडी लावली. मधल्या पायरीवर घेरी आली. बायको मागेच उभी होती, तिने शिडी धरली. किती दिवस अशी मागे उभी असते कोण जाणे. टीव्हीचं खोकं. स्वेटर. हेल्मेट.

बाहेरून एकच ओरखडा. आत हात घातला. डाव्या बाजूचा फोम फुटून दबलाय, बोट जाईल एवढा. बोट घातलं. मग तेच बोट स्वतःच्या डोक्यावर त्याच जागी ठेवलं. भीती वाटली. खरी भीती. अकरा वर्षांत गाडीत कधी वाटली नव्हती. बायकोला म्हटलं, चुकलो. ती फक्त म्हणाली, आधी खाली या.

१४ मार्च, गुरुवार. सकाळी १०.
उद्या हेल्मेट जमा करणार. कापताना मीच धरणार.

मिस्त्रीला फोन करून माफी मागितली. सोपं नव्हतं, रात्रभर शब्द जुळवले होते. माझा स्वभाव मुळातच मोठ्या मनाचा. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग हळूच म्हणाला, राहू द्या साहेब, कालपासून हा चौथा फोन.

बायकोला विचारलं, खरं का. तिने मान डोलावली. चारही वेळा ती शेजारीच बसली होती म्हणे.

रविवारची रेस सोडली. हे आधी कुठे लिहिलंय का, ते तिला विचारून घेतो.