पाच बहिणींची मुळं

३ जून
आजचा अन्याय नोंदवून ठेवतो. प्रयोगशाळेत बूट काढून सपाता घालाव्या लागतात. माझ्या वाट्याला दोन्ही डाव्या पायाच्या! असा फरफटत विज्ञानाच्या दारी पोचलो. वर्तमानपत्राला लेख हवाय — एकाच कुळातल्या पाच वनस्पती, कुणाच्या मुळात सांधेदुखीवरचं गुणकारी द्रव्य किती. संशोधक बाई म्हणाल्या, "तिसरीत पहिलीच्या चौपट." आमचे आयुर्वेदातले जुने निघंटुकार पाचींना एका श्लोकात कोंबून मोकळे झाले होते.

५ जून
तिसरीची उरलेली पुडी मागून आणली. बाई कुरकुरल्या, "अजून तपासायचंय हो." पण बायकोच्या गुडघ्यांना कुठला धीर!

९ जून
काढा रोज संपतोय. बायकोला चव विचारली. "तुमच्या लेखांसारखी. कडू, आणि संपता संपत नाही."

१४ जून
आई सकाळपासून पडून. जेवणावरची वासनाच गेलीय. उकाड्यानं असेल, म्हणते.

१६ जून
बाईंचा फोन. "लेख थांबवा." लवकर वाळावीत म्हणून मुळं आधीच सोलतात. ओळख सगळी सालीत — सोलल्यावर पाची बहिणी हुबेहूब सारख्या! तिसरीचा ट्रे पाचवीच्या जागी गेला, पाचवीचा तिसरीच्या. पाचवी यकृत खाते. "ती पुडी कुणाला दिली नाहीत ना?"
"छे!" म्हणालो. का म्हणालो?
पुडी फेकली. काढा बंद. बायकोला कारण सांगितलं नाही.

१७ जून
तिला रक्त तपासायला नेलं. "आज एवढं प्रेम कशानं उतू चाललंय?"

१८ जून
अहवाल स्वच्छ. यकृत ठणठणीत! इतका हसलो की बायको घाबरली. मग सगळं सांगून टाकलं.
ती हसली नाही. खुर्चीत बसली. "अहो, मी घोटभरही घेतला नाही. मला नाही सोसत कडू. आईच म्हणाल्या, इकडे आण, माझेही गुडघे दुखतात. त्याला सांगू नकोस, हिरमुसेल."

१८ जून, पुन्हा
आईला खिडकीशी आणून डोळे पाहिले. पिवळे. गाडी बोलावलीय. अकरा दिवस प्यायली ती. उशीर झाला असेल, अशी भीती वाटते.