शिवमच्या आधीची

अर्धापूर,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दयानंददादास,

सिंधुचा नमस्कार. वहिनीलाही सांग. तुझा गुडघा आता कसा आहे? जळकोटच्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या अर्ध्यातच सोडल्यास असं वहिनी म्हणाली. तसं करू नकोस.

आमचं बरं चाललंय. यंदा पावसानं खालच्या रानात लई दिवस पाणी थांबलं, पण केळीची बाग उंचावर असल्यानं निभावलं. शिवम नांदेडला शिकून राहिलाय, रविवारी घरी येतो. हेही ठीक आहेत.

एवढं तर मी फोनवर सांगितलं असतं. पुढचं सांगता आलं नसतं. मी त्या विषयावर आले की तुझ्याकडचं नेटवर्क जातं. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला नांदेडच्या एक वकीलबाई आल्या होत्या. दत्तक गेलेलं लेकरू अठरा वर्षांचं झालं की आपण कुणाचं, कुठलं हे विचारायला संस्थेत अर्ज करू शकतं, पण जन्म देणाऱ्या आईनं हो म्हटल्याशिवाय तिचं नाव-गाव सांगत नाहीत, असं त्या सांगत होत्या. बाकीच्या बाया शेंगा फोडत ऐकत होत्या. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

त्याच आठवड्यात मी ह्यांना सगळं सांगितलं. लग्नाआधी मला मुलगी झाली होती. तू मला गावाबाहेर काढून नांदेडला ठेवलंस, आणि लेकरू संस्थेत देऊन मला परत आणलंस. सासरी एक शब्द निघाला तर घराची इज्जत जाईल, अशी शपथ घालून तू माझं लग्न लावलंस. ती शपथ मी सव्वीस वर्षं पाळली. आता पाळणार नाही, हेही मी ह्यांना सांगितलं.

हे उठले आणि बागेत गेले. काही दिवस आमच्यात जेवण्यापुरतंच बोलणं होतं. मी माझं सामान कुठं न्यायचं याचाही विचार करून ठेवला होता. एका सकाळी मी चहा घेऊन बागेत गेले, तर पाइप जोडता जोडता ह्यांनी मान वर न करता विचारलं, "नाव काय ठेवलं होतंस तिचं?"

मी म्हटलं, ठेवूच दिलं नाही.

"मग चल, विचारून येऊ. कुणी तरी ठेवलंच असंल."

मोटारसायकलवर नांदेडला गेलो. संस्थेत बुद्धप्रिया नावाच्या बाई आहेत, शिवमपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. मी माझं नाव, माहेर, साल सांगितलं. त्यांनी आतून जुने कागद आणले, वाचले, आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाल्या की तुमच्या लेकीनं अर्ज केला होता. दोन वर्षांखाली आमचा माणूस तुमच्या माहेरी जाऊन आला. कारण सांगता येत नाही, म्हणून त्यानं नुसतं विचारलं, सिंधु कुठं असते. घरातून सांगण्यात आलं की ती वारली, लई वर्षं झाली.

कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. आपल्या घरात दारात आलेल्या माणसाशी तुझ्याशिवाय कोण बोलतं?

दादा, त्या घडीला मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मी ताठ बसले आणि म्हटलं, "बाई, लिहून घ्या. सिंधु जिवंत हाय, आणि लेकीला भेटायला तयार हाय."

त्यांनी माझी ओळख पडताळली, मग तिला कळवलं. दसऱ्यानंतर ती आली, तिला वाढवलेल्या आई-वडिलांना घेऊन. भेट संस्थेतच होऊ द्या असं तिथले म्हणाले होते, पण ह्यांनीच सांगितलं की घरी येऊ द्या.

तिचं नाव अक्षरा. उदगीरला असते. तिच्या वडिलांचं, श्रीशैल यांचं, तिथं कापडाचं दुकान आहे. आई रत्नम्मा. लिंगायत माणसं, लई साधी. तिला कळायला लागलं तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की तुला जन्म देणारी आई दुसरी आहे. अर्ज करायलाही तेच तिच्याबरोबर गेले होते. आणि दादा, आपली पोरगी जनावरांची डॉक्टर आहे. अडलेली गाय सोडवायला रात्री-बेरात्री एकटी जाते. हे सांगताना रत्नम्माचा चेहरा बघायला पाहिजे होतास. माझाही तसाच झाला असणार.

दारात गाडी थांबली तशी गल्ली जमली. माझ्या चुलतसासू सरजाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोण गं ही पाव्हणी?"

भाची म्हणता आलं असतं. कुणी पुढं विचारलं नसतं. शिवम माझ्या शेजारी उभा होता, त्याला मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मी अक्षराचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माझी लेक हाय. शिवमच्या आधीची."

सरजाबाईंनी तिला खालीवर न्याहाळलं. ह्यांनी घरातून पाण्याचा तांब्या आणला आणि तिच्या हातात दिला. मग सरजाबाई म्हणाल्या, "नाक तुझंच हाय की," आणि ओट्यावर सरकून तिला जागा केली. पाठीमागं कोण काय बोललं असंल ते असो. मी दुसऱ्या दिवशी बचत गटात गेले, आणि नेहमीच्याच जागेवर बसले.

आता जे लिहायला जड जातंय ते. जेवण झाल्यावर रत्नम्मानं मला बाजूला घेऊन सांगितलं की मी वारले हा निरोप कळल्यापासून अक्षरा रोज संध्याकाळी माझ्या नावानं दिवा लावत होती. तोंड माहीत नव्हतं, नावही माहीत नव्हतं, नुसतं आई म्हणून. तो निरोप कुणी दिला ते तिला ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सांगायचं तर तू सांग.

तिनं मला विचारलं, मामा आहेत का? मी हाव म्हटलं. माझ्या शिक्षणासाठी ज्यानं स्वतःची शाळा सोडली तो, हेही सांगितलं, कारण तेही खरं आहे.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे येतोय, उदगीरची माणसंही. तिला मामाचं घर बघायचंय. गावात कुणी विचारलं तर मी काय सांगणार, ते तुला आता माहीत आहे. तू काय सांगशील ते तुझं तू ठरव. दार बंद दिसलं तर मी तिला बाहेरूनच आपलं घर दाखवीन, मी जन्मले ती खोली दाखवीन, आणि ताठ मानेनं परत येईन. उघडं असलं, तर वहिनीला म्हणावं, ओटीची तयारी ठेव. पोरगी पहिल्यांदा आजोळी येतेय.

अक्षराची आणि शिवमची आई,
तुझी धाकटी बहीण,
सिंधु