व्हर्नाने काढलेली घरं

६ जानेवारी, मंगळवार

एवढ्या बर्फात जायचंच नाही असं ठरवलं होतं — आणि गेलेच! चर्चच्या तळघरात आर्डिथचा चित्रांचा वर्ग पुन्हा सुरू झालाय. माझं सफरचंद बघून बाई म्हणतात, "एल्वा, बटाटा छान जमलाय गं!" मेली. व्हर्ना मात्र फक्त घरं काढते, तीही गावातलीच. गारठ्यात गाडीत बसून लोकांच्या खिडक्या निरखत असते. आज झ्विकरांचं लाल दाराचं घर काढून आणलं होतं, पायरीच्या मोडक्या कठड्यासकट. काय हात आहे! नवरा गेल्यापासून तिला दुसरं आहे तरी काय.

८ जानेवारी, गुरुवार

विणकामाला मी, व्हर्ना आणि ब्लांश. संपलं! मी कोळ्यांच्या मदतपेटीसाठी हातमोजे विणायला घेतलेत. ब्लांशची जीभ सुयांपेक्षा जोरात चालते. व्हर्ना रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाली, "पूर्वी या टेबलाशी बसायला जागा मिळायची नाही."

११ जानेवारी, रविवार

झ्विकरांचं घर जळालं! सगळी मंडळी काल आजीकडे गेली होती म्हणून वाचली. धुराडं पेटलं म्हणतात. आमच्याकडे हिवाळ्यात एखादं जातंच.

उद्यापासून जळीत गोधडी.

१४ जानेवारी, बुधवार

सकाळपासून तळघर नुसतं भरलंय. ज्यांची तोंडं वर्षभर दिसली नाहीत त्याही आल्या. पुढच्या रविवारपर्यंत गोधडी त्या घरच्यांच्या हातात पडलीच पाहिजे — आमच्या आयांपासूनची रीत. प्रत्येकीने आपल्या जुन्या कपड्याचा तुकडा द्यायचा. आणि मधल्या चौकोनात त्यांचं घर, होतं अगदी तसं. दाराचा रंग तोच, खिडक्या तेवढ्याच. एरवी यावरूनच भांडणं होतात, पण या वेळी व्हर्नाचं चित्र होतं. नशीबच म्हणायचं!

सूप, काकवीची बिस्किटं, ब्लांशच्या चहाड्या. हसून हसून पोट दुखलं. देव मला क्षमा करो, इतकी मजा नाताळातही आली नव्हती.

१८ जानेवारी, रविवार

गोधडी दिली. झ्विकरबाई त्या कापडाच्या घरावर नुसती बोटं फिरवत राहिली. आम्ही सगळ्याच रडलो. सगळ्यात जास्त व्हर्ना.

२२ जानेवारी, गुरुवार

पुन्हा आम्ही तिघीच. व्हर्नाने सुया मांडीत टाकल्या. "झालं. आता हे टेबल पुन्हा कधी भरायचं?"

ब्लांश म्हणाली, "अगं, कुणाचं तरी घर जळायला हवं!" हसलो आम्ही. मीसुद्धा हसले. व्हर्ना नाही हसली.

२७ जानेवारी, मंगळवार

व्हर्नाने आयझनरांचं घर रंगवायला घेतलंय. निळं दार.

१ फेब्रुवारी, रविवार

आयझनरांचं घर गेलं. काल संध्याकाळी. ते लुननबर्गला लग्नाला गेले होते. पुन्हा धुराडंच, म्हणे. त्यांचा कुत्रा तेवढा वाचला, व्हर्नाने शुक्रवारीच आपल्या घरी नेला होता. "एकटा कुडकुडेल बिचारा." सगळ्या म्हणाल्या, देवच पावला.

दुपारी तळघरात जमलो तर व्हर्ना मधला चौकोन घेऊनच आली. पुरा झालेला! निळं दार, सगळ्या खिडक्या, प्रत्येक खिडकीची कड दुमडून मोहरीएवढे टाके.

"रात्रभर बसलीस की काय गं?" ब्लांश म्हणाली.

"झोपच येईना," व्हर्ना म्हणाली.

जन्मभर शिवतेय मी. ते काम एका रात्रीचं नाही. चार दिवसांचंही नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आर्डिथला बाजूला घेऊन म्हटलं, "तो चौकोन फारच लवकर झाला, नाही?" तर म्हणते कशी, "हेवा वाटतोय होय, एल्वा!" पुढे काय बोलू? की आमची व्हर्ना, जी माझ्या आजारपणात महिनाभर माझ्यासाठी स्वयंपाक करून आणत होती, तिने —

नाही. लिहायलाही हात धजत नाही.

टेबल गच्च भरलंय. व्हर्नाचे गाल लाल, डोळ्यांत चमक, सगळ्यांना बिस्किटं वाढतेय. मीही दोन खाल्ली. गोडच लागली, याचीच लाज वाटते.

५ फेब्रुवारी

मांडीवर मांजर, हातमोज्याचा अंगठा पुन्हा उसवला. टाके मोजताच येत नाहीत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आयझनरांना रविवारी गोधडी पोचली. आज वर्गाला पुन्हा चौघी.

व्हर्नाच्या कागदावर पिवळं दार होतं. गावात पिवळं दार एकच आहे.

"छान येतंय ना तुझं घर?" ती म्हणाली. "मागे स्वयंपाकघराला खिडक्या दोन की तीन?"

"तीन," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं! आर्डिथ शेजारीच ब्रश धूत होती, तिला काहीच वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ब्लांशच्या तोंडाला कुलूप नाही. चहा ओतता ओतता सांगून मोकळी, "एल्वा शनिवारी लेकीकडे हॅलिफॅक्सला चाललीये, दोन दिवस!" मी म्हटलं, अजून नक्की नाही. पण सांगून झालं होतं.

लोकरीची लड मी दोन्ही हातांवर धरली होती, व्हर्ना गुंडा करत होती. हात अडकलेले, उठताही येईना. ती हळूच म्हणाली, "तुझ्या वेळेला सगळ्या येतील बघ. तुझ्यावर जीव आहे सगळ्यांचा."

कसली वेळ, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. भित्री कुठली मी!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी व्हर्ना फाटकाशी आली होती. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. हातात रिकामी टोपली होती, झाकणाची, आत जुनी लोकर अंथरलेली.

"उद्या जाशील ना," म्हणाली, "तर मांजर माझ्याकडे दे हो. घरात ठेवू नकोस."