शंभरावर हॉर्न थांबतो

सोमवार
पोचलो एकदाचा! भाऊजी स्टँडवर न्यायला आले होते. ताईने ही वही दिलीय. म्हणे फोनवर तू नुसतं हो-नाही करतोस, त्यापेक्षा लिहीत जा. खोली झकास आहे, पलंग, पंखा, रस्त्याकडे खिडकी. काम फळांच्या गोदामात, खाली तळघरात. थंडीत पेट्या रचायच्या. शाळा सोडली तेव्हा बाबा म्हणाले होते, गाढवासारखी ओझी वाहशील. वाहतोय, पण जॅकेट घालून.

मंगळवार
भाऊजींनी इथली रीत शिकवली. फळंसुद्धा श्वास सोडतात म्हणे, त्याने खालची हवा बिघडते. आतल्या भिंतीवर हवा मोजणारं मीटर आहे. आकडा पन्नासच्या वर गेला की कॉम्प्युटर लाल दिवा लावतो, हॉर्न वाजवतो, दार उघडतो, पंखे फिरवतो. आपण वर पळायचं आणि गप्पा ठोकायच्या. हॉर्न थांबून दिवा हिरवा झाला की पुन्हा आत. मग पंखे बंद, दारही बंद, थंडी टिकावी म्हणून. आतून दार उघडत नाही. काम संपलं की मुकादम वरून उघडतो.

गुरुवार
आज हॉर्न फारच लवकर थांबला. आत गेलो तर डोकं गरगरलं. भाऊजी पेटीवरच बसले. मुकादम म्हणाला, नवरदेवासारखे काय बसलात, उचला की. भाऊजी हसले, पण त्यांचे ओठ निळसर दिसत होते.

शुक्रवार
हॉर्न वाजला तेव्हा वर गेलोच नाही. दारात उभा राहून मीटर बघितलं. ९७. ९८. ९९. मग १०० झाले आणि हॉर्न गप्प. दिवा हिरवा. हवा सुधारली नव्हती, आणखी बिघडली होती! मुकादमाला सांगितलं तर म्हणाला, हे नापास पोरगं आता कॉम्प्युटरला शिकवणार. सगळे खिदळले. भाऊजीसुद्धा.

शनिवार
कॉम्प्युटरवाला आला. बघितलं आणि पांढराफटक पडला. म्हणाला, आकडा यात आकडा म्हणून नाही, अक्षरांसारखा ठेवलाय. हजेरीपटात नावं लावतात तसा तो आधी पहिलं अक्षर बघतो. शंभरातला एक, पन्नासातला पाच. एक आधी येतो, म्हणून शंभर लहान. माझ्याच हातून राहिलं, म्हणाला. पासवर्ड मालकाकडे, मालक सोमवारी येणार, तोवर कोणी खाली जाऊ नका. मुकादमाने मान डोलावली. कॉम्प्युटरवाला गेल्यावर मुकादम म्हणाला, उद्याचा ट्रक काय हा भरणार?

रविवार
भाऊजी दुसऱ्या ट्रकच्या पेट्या काढायला खाली गेले. हॉर्न थांबला म्हणून. मला न सांगता. धावत गेलो तर पेट्यांमागे पडलेले. ओढता ओढता दार लागलं.

१३४. दिवा हिरवा. ठोकून ठोकून हात सुजले. मुकादम पहिल्या ट्रकबरोबर गेलाय, रविवार म्हणून वर चिटपाखरू नाही. फोनला रेंज नाही, जॅकेटात ही वही तेवढी होती. भाऊजींचा श्वास चालू आहे. हाकेला ओ नाही.

९९ वर उतरला तर हॉर्न वाजेल. पण उतरणार कसा — पंखे बंद —

१५१. चढतोय.

थांब. पाचशे. पाचशेतही पहिला पाचच, वर एक शून्य जास्त! ५०० झाले की तो परत हवा बिघडली म्हणेल. दार उघडेल.

मीटरच्या जाळीला तोंड लावून फुंकलं. २८०. फुंकलं की चढतो —

३९०. नीट दिसत नाही. दम घ्यायला थांबलो की घसरतो. ३४०.

ताई, मला बाहेर उडी मारता आली असती. त्यांना सोडून नाही —

४७०. एकट्याचा दम पुरत नाही.

भाऊजींना ओढत आणलंय. त्यांचं तोंड जाळीला टेकवलं, माझं शेजारी. दोघांचा श्वास — ४९४ — ते खाली घसरतायत, धरायला हवं, वही सोडतो, दोन्ही हात ला—