घरमालकाची सही

३ जून २०२४, सोमवार
आशानं नोकरी सोडली. नऊ वर्षं दुसऱ्याच्या टूर ऑफिसात तिकिटं काढली, आता म्हणे स्वतःची एजन्सी. सांडूला म्हटलं, बायकोला समजव. तर म्हणाला, "बाबा, मलाच ती समजावते." अन् गेला शिफ्टला निघून.

६ जून
सून आहे का वकील! दुकाने कायद्याची नोंद झाली, लहान उद्योगाची ती 'उद्यम' नोंद झाली, बँकेत करंट खातं झालं. मी सातवी नापास, नुसती नावं ऐकून दमलो. म्हटलं, गल्लीतले दोघंतिघं मोबाईलवरच सहली नेतात, त्यांना कोण विचारतं? म्हणाली, "मामा, गाडी दुसऱ्याची, हॉटेल दुसऱ्याचं. आपला फक्त शब्द. तो तरी कागदावर नको का?"

१० जून
आता जीएसटी नंबर. लहान धंद्याला सक्ती नाही म्हणे. पण वाळूजच्या एका कंपनीला कामगारांची सहल काढायचीय, अन् त्यांना बिलावर नंबर लागतो. महिनाअखेरपर्यंत नंबर दाखवला तर काम आशाचं, नाही तर दुसऱ्याचं. अर्जात धंद्याचा पत्ता आपल्या घराचा टाकलाय. घर माझ्या नावावर. म्हणून माझं संमतीपत्र पाहिजे.
सोयगावला भावानं असाच कागद पुढं केला होता. "नुसती सही कर." केली. वाटणीत आलेलं घर गेलं. हे बजाजनगरचं घर तीस वर्षं कंपनीत राबून बांधलंय.
आशाला सांगितलं, चष्मा सापडत नाही, अन् न वाचता सही करणार नाही. चष्मा गादीखाली होता. दार लावून लिहितोय.

१३ जून
मागच्या गल्लीत स्वतःच्या घरात शिवणक्लास चालवणारी हसीना आली होती. सहल रद्द झाली तर काय, याचे नियम आशानं सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलेत. ते हसीनाला वाचायला लावले. "जिथं अडखळशील तिथं माझं चुकलं."
हसीना म्हणते, "मय मर गई तो पैसे वापस, ये अच्छा है. पन माझ्या नवऱ्याला देऊ नको, दुसरी करंल त्याच्यात."
दोघी हसल्या. पण हसता हसता आशानं तो नियम खोडला अन् नवा लिहिला — पैसे कुणाच्या हाती द्यायचे ते नाव आधीच लिहून घ्यायचं. मी आतून ऐकत होतो. केवढी समज!

१४ जून
अर्ज अडला. घरमालकाची संमती सात दिवसांत जोडा, असं जीएसटीवाल्यांकडून आलंय. हे सांडूनं सांगितलं, आशानं नाही.

१५ जून
मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. तास-दीड तास बसली. एकदाही कागदाचं नाव काढलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर दुकानदाराला म्हटलं, तुमचं औषध लई झोंबतं.

१९ जून
नवा चष्मा लावून कागद तीनदा वाचला. घर देतो असं कुठंच नाही. धंद्यासाठी पत्ता वापरू देतो, एवढंच. तरी हात उचलेना. ती रोज झाडते-पुसते ते हे घर, अन् मी तिलाच भाऊ समजतोय.

२० जून
केली सही. आशाला हाक मारून कागद दिला. तिनं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. "मामा, लई मोठं काम केलं तुम्ही." आज निवांत झोपणार.

२७ जून
नंबर आला. सहलीचं काम आशालाच मिळालं. फाईल ठेवायला माझ्याकडं दिली. प्रमाणपत्रावर पत्ता हसीनाच्या शिवणक्लासचा आहे. मागं हसीनाचं संमतीपत्र टाचलेलं — तारीख १८ जून. माझ्या सहीच्या दोन दिवस आधीची.