आईंच्या चित्राची चौकट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मोनालीचा फोन. धाकटी जाऊ माझी. आईंचं, म्हणजे आमच्या सासूबाईंचं, चित्र काढलंय म्हणे, रविवारी वर्षश्राद्धाला दर्शनी भिंतीवर लावायचं. गुंडाळी करून शिरूरला कुरिअरनं पाठवलंय, तिथंच चौकट करून घ्या. "ताई, आधी तुम्ही बघा," असं दोनदा म्हणाली. कशाला? कौतुक करायला! दौंडच्या शाळेत चित्रकला शिकवते, तिथं कौतुक करणारे कमी पडले का?

सासरे, आमचे आबा, सकाळपासून खिळा कुठं मारायचा ते बघतायत. कॅलेंडर उतरवलं. घड्याळ पण उतरवलं.

सहा वर्षं सासूबाई अंथरुणावर होत्या. आंघोळ, भरवणं, कूस बदलणं — सगळं मी केलं. ही दिवाळीला यायची, चार दिवस कॉटसमोर वही घेऊन बसायची, की चालली परत दौंडला. आता भिंत तिची!

४ फेब्रुवारी

ह्यांचा कांदा काढायला आलाय, म्हणून शिरूरला मलाच जावं लागलं. कुरिअर घेतलं आणि तशीच सोपानरावांच्या फ्रेमच्या दुकानात गेले. वाटेत गुंडाळी उघडली नाही. मन झालं नाही.

त्यांनी काउंटरवर ती उलगडायला घेतली. आधी आईंचा चेहरा दिसला. आईच! डोळे मिटत आलेले, केस मोकळे, मान एका बाजूला कलती. मान का कलती काढली, तिलाच ठाऊक. उजवं टोक अजून गुंडाळलेलंच होतं, तेवढ्यात मी पाठ फिरवली आणि रस्त्याकडं बघत उभी राहिले.

सोपानराव मापं घेऊन म्हणाले, तयार चौकट अरुंद पडतीय. मापाची करायची तर आठ दिवस लागतील. रविवारी पाहिजे असेल तर एका बाजूनं कागद कापावा लागेल.

मी विचारलं, काढणारीनं नाव कुठं लिहिलंय? उजवीकडं, खाली, म्हणाले.

"मग उजवीकडूनच कापा."

"आवो ताई, पण तिकडं—"

"कापा म्हणते ना."

ब्लेडचा आवाज आला. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं. तुकडा कागदात गुंडाळून देत होते, मी नको म्हणाले. टाकून द्या, म्हटलं मी.

५ फेब्रुवारी

दिवसभर लसूण सोलला.

७ फेब्रुवारी

चौकट आली. ह्यांनी लावली. आबा काठी टेकून समोर उभे राहिले. मग डोळे पुसत, आईंना हाक मारायचे त्याच नावानं हळूच म्हणाले, "साखर आली माझी."

एवढ्या वर्षांत आबांना रडताना पाहिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात निघून आले.

दुपारी शेजारच्या अनसाबाई येऊन बघून गेल्या. साखरबाई बोलत्याल आता, असं वाटतंय म्हणाल्या. मोनालीनं किती मायेनं काढलंय म्हणाल्या. मायेनं! रोज चादरी मी धुतल्या. पण धुतलेल्या चादरीला चौकट कोण करतं?

नाव कापलं तरी जो येतो तो तिचंच नाव घेतोय. काय उपयोग झाला!

९ फेब्रुवारी, रविवार

वर्षश्राद्ध पार पडलं. दीडशे पान झालं. पाय भरून आलेत.

मोनाली आणि भाऊजी सकाळी दौंडहून आले. भाऊजी बाहेर मांडवाकडं गेले. ती चप्पल काढून थेट भिंतीपाशी गेली. बघतच राहिली. चेहरा पडला तिचा. मी दारातून पाहत होते. वाटलं, आता विचारेल. पण पदर खोचून माझ्याबरोबर वाढायला आली.

आबा प्रत्येक पाहुण्याला तिच्यापुढं आणून सांगत होते — हिनं काढलंय, आमच्या धाकटीनं. ती नुसती मान हलवायची. नाव गेलं म्हणून फुगली असणार. फुगू दे. मला सहा वर्षांत एकदा तरी कुणी पाहुण्यांपुढं उभं केलं का?

१० फेब्रुवारी

काल निघताना मोनालीनं मला ओट्यावर गाठलं. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हाला का कापलं?"

तिच्या मोबाईलवर पूर्ण चित्र होतं. उजवीकडं मी बसलेली. हातात फणी. आईंचे केस विंचरतेय आणि त्यांनी मान माझ्यावर टाकलीय.

चौकट लहान पडली, असं सांगितलं मी.