पक्ष्याचा ठोकळा आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणार, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा लाकूड कोरून चित्रे छापणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी माझी बुद्धी तपासली आहे. राग तपासायची सोय त्यांच्याकडे नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे येऊन, चहा पिऊन परत गेले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मेल्यावरही जाऊ नये, म्हणून हा कागद.

१. राहते घर पत्नीला, तिच्या पश्चात मुलाला. कलम ४ वाचून त्याने तोंड वाकडे करू नये.

२. छापयंत्र, शाईचे रूळ आणि धारेच्या कोरण्या माझ्या छपाईवाल्याला. जन्मभर त्याने माझी चित्रे छापली आणि जन्मभर माझ्याशी भांडला. बोथट कोरण्या कलाशाळेला द्याव्यात. तिने मला दोनदा नापास केले होते.

३. सरकारने मला ‘राष्ट्रीय कलावंत’ केले, त्याबद्दल आभार. मग माझा वारसा साजरा करायला समिती नेमली. बोधचिन्ह, फलक, पुस्तिका, सगळ्यांचे एकच रूप ठरवायचे काम नावे झाकून झालेल्या निवडीत माझ्या नातीला मिळाले.

आमच्या धंद्यात ठरलेल्या प्रती निघाल्या की ठोकळ्यावर तिरका छेद देतात. पुन्हा छापता येत नाही आणि आणखी प्रती निघणार नाहीत हा चित्र घेणाऱ्याला दिलेला शब्द राहतो. माझ्या प्रत्येक ठोकळ्यावर तो छेद आहे. फक्त उडत्या पक्ष्याच्या ठोकळ्यावर तो नव्हता, कारण तो सरकारी कॅलेंडरचा आणि त्याच्या प्रती कधी संपल्याच नाहीत.

नातीने पक्षी घेतलाच नाही. तिने छेद घेतला. प्रत्येक फलकावर एकच पांढरी तिरकी रेघ. ती बघून मला रडू आले, हे इथे नोंदवतो.

बैठकीत मी समोर बसलेलो असताना अध्यक्ष म्हणाले, “अहो, ही काट कसली मारलीय? लोकांना वाटेल कलावंतच बाद झाला. पक्षी टाका, पक्षी सगळ्यांना आवडतो.”

नात म्हणाली, “पक्षी कॅलेंडरचा आहे, साहेब. रेघ आजोबांची आहे.”

मला कोणी विचारले नाही. पडद्यावर माझ्या जन्मसालापुढे एक आडवी रेघ आणि रिकामी जागा होती. माझा सहभाग बहुधा तेवढाच अपेक्षित असावा.

घरी येताना माझा मुलगा तिला म्हणाला, “आजोबांच्या नावाचं काम आहे, नमतं घे. पक्षी टाकलास तर काय बिघडतं?”

“मग ते काम आजोबांचं राहत नाही, बाबा.”

दुसऱ्या दिवशी तिला काढून टाकले. पक्षी वापरायला मी परवानगी नाकारली, तेव्हा अध्यक्ष गोड हसून म्हणाले, “काही घाई नाही. नंतर बघू.” या ‘नंतर’चा अर्थ मला चांगला कळतो.

४. म्हणून माझी सर्व चित्रे, ठोकळे, त्यांचे कॉपीराइट, माझे नाव, सही आणि चेहरा, सगळे नातीला, एकटीला. मुलाचा त्यात वाटा नाही. मी गेल्यावर समितीला माझे काहीही छापायचे असेल तर तिच्या दारात उभे राहावे लागेल. तिने हो म्हणावे की नाही, हे मी सांगणार नाही. तिला सांगणारे खूप झाले.

५. पक्ष्याचा ठोकळा मी आज साक्षीदारांसमोर छेदला, पंखापासून शेपटीपर्यंत. छपाईवाला दारातून म्हणाला, “अजून खोल.” मी अजून खोल कोरले. नंतर त्याने काढलेली प्रत सोबत जोडली आहे. समितीला पक्षी हवाच असेल तर आता असाच मिळेल.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार: १. डॉक्टर २. चित्रांना चौकटी करणारा शेजारी
(छपाईवाल्याला वाटा असल्याने साक्षीदार होता आले नाही. तो रागावला आहे.)

स्थळ: माझी कार्यशाळा
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्याप्रमाणे